हाव नसलेला हाव

नमस्कार. मागपर्यंत ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा, म्हणजे ऐकू येत नसताना हात वर कसा केला हे मी विचारीन.

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय छापलाय 'बंडखोर लीगचं अर्थकारण'. तो मीच दिला, कारण भर मे महिन्यात आइस हॉकीवर बोलणार असं सांगितलं असतं तर सेक्रेटरींनी पंखेवाल्याला कॅन्सल करून मलाही कॅन्सल केलं असतं. अर्थकारणावर येणारच आहे, शब्द दिलाय. पण आधी एक माणूस सांगतो, कारण तो माणूस गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही.

माणूस कॅनडातला, सस्कॅचवन प्रांतातला, जन्म 1928 चा. नाव गॉर्डी, आडनाव हाव. म्हणजे उच्चार तसाच आहे, मी मुद्दाम वाकवलेला नाही. आणि गंमत अशी की आडनाव हाव असूनही या माणसाला हाव कसली ती नव्हती.

हा पोरगा टीनेजर असताना डेट्रॉइट रेड विंग्ज टीमशी करार करायला आला, आणि बोनस म्हणून त्याने मागितलं काय, तर टीमचं जॅकेट. पैसे मागितले नाहीत. जॅकेट! मॅनेजर जॅक अ‍ॅडम्स म्हणाले देऊ की, आणि विसरले. वर्ष गेलं, जॅकेट नाही. पुढच्या वर्षी करार समोर ठेवला तर हा म्हणाला, आधी जॅकेट, मग सही. तेवढं एक जॅकेट मिळवण्यापुरता तो अडून बसला, आणि पुढे कित्येक वर्षं पगारासाठी मात्र असा कधी अडलाच नाही, मालक जे देतील त्यावर सही. तिथे 1946 ते 1971 असा 25 सीझन खेळला, 786 गोल केले, नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे पुढे मी जिला 'जुनी लीग' म्हणणार आहे तिचा, स्टॅन्ली कप चारदा जिंकला, त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू सहा वेळा झाला.

आणि मग 1968 च्या सुमाराला बॉबी बॉन नावाचा डिफेन्समन त्या टीममध्ये आला. चांगला खेळाडू, पण हावच्या पंगतीतला नव्हे. त्याने एक दिवस हावला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा रे, तू 45 हजार डॉलरवर खेळतोयस, मला 67 हजार आहेत, आणि आपल्याच टीममधल्या कार्ल ब्रुअरला माझ्याहून जास्त. म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो पगारपत्रकात तिसरा! हाव गेला मालकाकडे, ब्रूस नॉरिसकडे, एक लाख मागितले, आणि मिळाले लगेच. मग त्याने विचारलं, इतकी वर्षं का नाही दिलेत? तर उत्तर काय, तू कधी मागितलेच नाहीस.

इथे बरेच जण मान हलवतायत, म्हणजे रिटायर्ड मंडळी बरीच आहेत.

आता माझी एक तक्रार मधेच सांगून घेतो, नाव कुणाचं घेणार नाही. मी एका कंपनीत सहा वर्षं काढून दुसरीकडे गेलो. सीनियॉरिटी धरताना ती सहा वर्षं शून्य, कारण म्हणे तो अनुभव 'आमच्याकडचा नाही'. ठीक आहे. पण नवीन लोकांना ट्रेनिंग भत्ता मिळायचा, तो मी मागितला तर साहेब हसून म्हणाले, अहो तुम्ही काय फ्रेशर आहात का? म्हणजे वरच्या खिडकीवर मी नवा आणि खालच्या खिडकीवर जुना, आणि दोन्ही खिडक्यांवर नुकसान माझंच. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल. बायको म्हणते ही गोष्ट मी लग्नामुंजीतसुद्धा सांगतो. सांगतो.

तर 1971. वय 43, मनगटात संधिवात, हाव रिटायर झाला. क्लबने त्याला ऑफिस दिलं, मोठं पद दिलं, काम मात्र काहीच दिलं नाही. तो स्वतः सांगायचा की मला अळंब्यांसारखं ठेवलं होतं, अंधारात ठेवायचं आणि मधूनमधून वर शेणखत टाकायचं. हे वाक्य मी आमच्या एका निरोपसमारंभात वापरलं होतं, लोक हसले, साहेब नाही हसले.

आणि नेमक्या त्याच काळात बंडखोर लीग आली. गॅरी डेव्हिडसन आणि डेनिस मर्फी या दोघांनी आधी बास्केटबॉलमध्ये दुसरी लीग काढली होती, तोच धंदा हॉकीत केला, वर्ल्ड हॉकी असोसिएशन, ऑक्टोबर 1972 मध्ये 12 टीम घेऊन सुरू. आपल्याला कल्पना यावी म्हणून सांगतो, 2007 ची आपली इंडियन क्रिकेट लीग आठवा, कपिल देव तिकडे गेला तर बोर्डाने त्याला अकॅडमीवरून काढलं. तसंच. फक्त ही सात वर्षं टिकली.

कशी टिकली हे देवालाच ठाऊक. फिलाडेल्फियात घरच्या मैदानावरची पहिली मॅच, प्रेक्षकांना आठवण म्हणून लाल पक वाटलेले, पक म्हणजे ती रबरी चकती, आणि बर्फ सारखा करणाऱ्या मशीनखाली बर्फच तडकला. मॅच रद्द. हे सांगायला टीमचा स्टार डेरेक सँडरसनला माइक देऊन उभं केलं आणि पब्लिकने वाटलेल्या सगळ्या चकत्या त्याच्या अंगावर फेकल्या. (माझ्या भाषणात पेढे वाटणार होते, मी नको म्हटलं ते याचसाठी.) त्याच सँडरसनचा करार 26 लाख डॉलरच्या वर, आणि आठ मॅचनंतर दहा लाख देऊन घरी पाठवला. न्यू जर्सीत एका टीमच्या रिंकला तर बर्फालाच उतार होता, काचेऐवजी कोंबड्यांची जाळी, आणि पाहुण्या टीमने जवळच्या हॉटेलात कपडे चढवून यायचं. बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवासारखं.

असल्या लीगमध्ये आपला हाव गेला. ह्यूस्टन एरोज या टीमचा कोच बिल डिनीन, हावचा जुना सहकारी. त्याचा डोळा हावच्या मुलांवर, मार्टी 19 वर्षांचा, मार्क 18 चा. जुनी लीग विशीच्या आत कुणाला घेत नसे, नवीन लीग म्हणाली हा नियम तुमचा, आमचा नाही. बोलणी चालू असताना बापाने सहज विचारलं, आणि मी आलो तर? बायको कॉलीन व्यवहारात पक्की, तिने बोलणी केली, आणि 1973 मध्ये बाप आणि दोन मुलं एकाच टीमच्या जर्सीत बर्फावर उतरली.

पोरांच्या कामी येईल तितकं खेळू, एवढ्यावर थांबला असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. 45 वर्षांचा माणूस, दोन वर्षं खुर्चीत बसलेला, मनगटाचं ऑपरेशन झालेलं. पहिल्या सीझनला 31 गोल, 69 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास, दोन्ही मिळून बरोब्बर 100 पॉइंट. लीगचा सर्वोत्तम खेळाडू. एरोजने त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी लीगचा कप जिंकला, आणि त्या सर्वोत्तम खेळाडूच्या ट्रॉफीलाच पुढे याचं नाव दिलं.

एक किस्सा सांगतात, समोरच्या टीमचा एक दांडगट हावच्या मुलाला खाली पाडून वर बसला होता. बाप आला, सभ्यपणे म्हणाला, ऊठ. तो उठेना. मग बापाने हातमोजा काढला, त्याच्या नाकपुड्यांत दोन बोटं घातली आणि बैलाला वेसण धरून उठवावं तसा उठवला. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी घरी प्रयोग करू नये.

1977 ला तिघं न्यू इंग्लंड व्हेलर्सकडे, गाव हार्टफर्ड. माझी मुलगी तिथेच जवळ असते, जावयाने मला तिथली रिंक दाखवायला नेलं होतं, छताला हावच्या 9 नंबरचं बॅनर टांगलेलं. तेच छत, म्हणजे आधीचं, जानेवारी 1978 मध्ये बर्फाच्या वजनाने पहाटे कोसळलं, काही तासांपूर्वी खाली बास्केटबॉलची मॅच झाली होती, नशिबाने आत कुणी नव्हतं. टीम शेजारच्या गावी जाऊन खेळत राहिली आणि त्या सीझनला टीममध्ये सगळ्यात जास्त पॉइंट कुणाचे? 96, याचे. सीझन संपेपर्यंत पन्नाशी भरली होती.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' अहो अध्यक्षमहाराज, अर्थकारण अजून सुरूच व्हायचंय!

बरं, भराभर. बंडखोर लीगने केलं काय? जुन्या लीगच्या करारात एक कलम होतं, रिझर्व्ह क्लॉज, त्याने खेळाडू एकदा ज्या मालकाचा झाला तो त्याचाच, करार संपला तरी सुटका नाही. पगार 45 हजारांवर अडतो तो यामुळे, दुसरं गिऱ्हाईकच नाही. 27 जून 1972 ला कॅनडातल्या विनिपेगच्या भर चौकात जुन्या लीगचा मोठा स्टार बॉबी हलने नवीन लीगशी करार केला, दहा वर्षांचे साडेसत्तावीस लाख डॉलर, त्यातले दहा लाख आधीच, आणि ते एकट्या विनिपेगने नाही, लीगमधल्या सगळ्या मालकांनी वर्गणी काढून दिले. नाव असल्याशिवाय लीग उभी राहत नाही हे त्यांना कळत होतं. नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या कोर्टात न्यायमूर्ती हिगिनबॉथम यांनी ते कलम वापरून खेळाडू अडवायला जुन्या लीगला मनाई केली. झालं, दार उघडलं. दुसरं गिऱ्हाईक आल्यावर, जे राहिले त्यांचेसुद्धा पगार वाढले, म्हणजे बंडाचा सगळ्यात जास्त फायदा बंड न करणाऱ्यांना झाला, हे आपल्या युनियनवाल्यांना वेगळं सांगायला नको. दुसरा मुद्दा स्वीडनमधले खेळाडू, हेडबर्ग आणि निल्सन, तो सोडतो. तिसरा मुद्दा सोडूच शकत नाही.

1979 ला लीग मिटली, चार टीम जुन्या लीगने घेतल्या, एडमंटन, विनिपेग, क्युबेक, हार्टफर्ड. हाव 51 व्या वर्षी परत जुन्या लीगमध्ये, 80 पैकी 80 मॅच खेळला, 15 गोल केले. ऑल-स्टार मॅच डेट्रॉइटला होती, त्याच्या जुन्या गावाला, 21 हजार लोक उभं राहून टाळ्या थांबवेनात. पण विक्रमांची वही? वहीत 801 गोल. बंडखोर लीगमधले 174 मोजलेच नाहीत. पुढच्या पिढीतल्या वेन ग्रेट्स्कीने कारकिर्दीत 894 केले, विक्रम मोडला तो त्या 801 चा. बेरीज करा, फळा नाहीये म्हणून तोंडी करा: 801 आणि 174, 975. ग्रेट्स्कीचे बंडखोर लीगमधले 46 धरले तरी 940.

आणि आता माझ्या दोन खिडक्या आठवा. ग्रेट्स्कीही त्या लीगमध्ये एक वर्ष खेळून आलेला. 1980 ला जुन्या लीगमध्ये पहिल्याच वर्षी 137 पॉइंट, सगळ्यात वर, आणखी एकाच्या बरोबरीत. मग सर्वोत्तम नवोदिताचं बक्षीस? नाही मिळालं. कारण तू नवा नाहीस, तू त्या लीगमध्ये खेळून आलायस! अरे, मग ती लीग खरी की खोटी? गोल मोजताना खोटी आणि बक्षीस देताना खरी! साहेब, भत्ता द्या माझा!

हो हो, उतरतो. एकच मिनिट. जानेवारी 1979, एडमंटन, बंडखोर लीगचे निवडक खेळाडू विरुद्ध डायनॅमो मॉस्को. मधे 17 वर्षांचा ग्रेट्स्की, एका बाजूला गॉर्डी हाव, दुसऱ्या बाजूला मार्क. लहानपणापासून ज्याला देव मानलं त्याच्या शेजारी बसायचं म्हणून पोरगं गांगरलेलं, आणि अंगावर जर्सी ढगळ, खांद्यावरून ओघळणारी. हावने ती त्याच्याकडून मागून घेतली, सुई-दोरा मिळवला, आणि ड्रेसिंग रूममध्ये बाकावर बसून, पन्नाशीच्या त्या माणसाने, संधिवाताच्या त्या मनगटाने, जर्सीला मागून टीप घालून दिली.