पाटी बघून गाडीत बसू नका | ॲक्ट, गिटहब ॲक्शन्स आणि टॅगची भानगड

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये परत परत तेच येतंय: "सर, सीआय लॅपटॉपवर कसं चालवायचं? 'फिक्स', 'फिक्स परत', 'आता तरी चाल' असे कमिट मारून वैतागलोय." कळतंय. सीआय म्हणजे कोड पुश केला की टेस्ट वगैरे आपोआप चालवणारी यंत्रणा; गिटहबवर तिचं नाव गिटहब ॲक्शन्स. माझ्या एका रेपोत असे सलग चौदा कमिट आहेत, शेवटच्याचं नाव नुसतं 'प्लीज'.

उत्तर सोपं आहे. हेच काम लॅपटॉपवर चालवणारं ॲक्ट नावाचं टूल टाका, डॉकर (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद डब्यात, चालवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवा, रेपोत जाऊन 'ॲक्ट डॅश एल' मारा. जॉब्सची, म्हणजे टेस्ट, डिप्लॉय अशा कामांची, यादी दिसेल. मग 'ॲक्ट डॅश जे' आणि जॉबचं नाव. पहिल्यांदा इमेजचा (कंटेनरच्या साच्याचा) साइझ विचारेल, मीडियम घ्या. गिटहबच्या मशीनवर असतं ते सगळं त्यात नसतं, त्यामुळे एखादं टूल सापडलं नाही तर घाबरू नका. झालं. एवढ्याशा गोष्टीवर लोक अर्ध्या अर्ध्या तासाचे व्हिडिओ काढतात!

फक्त नुसतं 'ॲक्ट' लिहून एंटर मारू नका. मी मारलं होतं. त्याचा अर्थ होतो पुश इव्हेंट, म्हणजे पुशवर चालणारे सगळे जॉब. त्यात माझा डिप्लॉयचा जॉब होता आणि सीक्रेट्सच्या (पासवर्ड, टोकन अशा गुपितांच्या) फाइलमध्ये खरं टोकन. चहा घेऊन परत येतो तर अर्धवट काम स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर), आणि टेस्टिंगवाल्या ताईंचा मेसेज: "सेव्हचं बटण कुठे गेलं?"

आता ज्यासाठी कॅमेरा लावलाय ते. गिटहबच्या स्वतःच्या रनरवर तुमचा जॉब संपला की ते मशीन मोडीत निघतं. ॲक्टमध्ये जॉबने वापरलेली परक्याची ॲक्शन, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, तुमच्या लॅपटॉपवर चालते. "पण दादा, कंटेनरमध्येच आहे ना?" अहो, ॲक्ट डॉकरचं सॉकेट (डॉकरला हुकूम द्यायचं दार) त्या कंटेनरच्या आत आपणहून जोडून देतं. आतला कोड तुमच्या डॉकरला सांगू शकतो, की नवा कंटेनर उघड आणि घरमालकाचं होम फोल्डर त्याला जोड. भाडेकरूला खोली दिली, वर अख्ख्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगाही दिला. हे जोडणं बंद करायचा फ्लॅग आहे, स्क्रीनवर दिलाय.

मग तो कोड कोणाचा? वर्कफ्लोमध्ये (जॉब लिहिलेल्या फाइलमध्ये) 'युजेस' लिहिलेलं असतं आणि शेवटी 'ॲट व्ही फोर'. तो व्ही फोर म्हणजे टॅग. टॅग ही एसटीची पाटी आहे हो! 'स्वारगेट–सातारा' पाटी आज या गाडीला, उद्या त्या गाडीला. गाडी कोणती ते नंबर प्लेट सांगते. इथे नंबर प्लेट म्हणजे कमिटचा, म्हणजे कोडच्या त्या नेमक्या नोंदीचा, चाळीस अक्षरी हॅश.

हे पुस्तकी नाही. मार्च 2025 मध्ये 'टीजे-ॲक्शन्स चेंज्ड-फाइल्स' ही ॲक्शन 23,000 हून जास्त रेपो वापरत होते. हल्लेखोराने तिचे जुने टॅगसुद्धा उचलून एकाच घातक कमिटवर नेऊन ठेवले. व्हर्जन कोणीच बदललं नव्हतं! फाइलमध्ये अक्षरही न बदलता आतला कोड बदलला आणि सीक्रेट्स लॉगमध्ये छापली गेली. रेपो पब्लिक असेल तर लॉग अख्ख्या जगाला उघडे. ज्यांनी आधीच्या कमिटचा हॅश लिहून ठेवला होता, ते वाचले.

तरी कोणीतरी लिहिणारच, "मी व्ही फोर नाही, व्ही फोर पॉइंट टू पॉइंट वन लिहितो, म्हणजे सेफ." नाही! ती फक्त मोठी पाटी झाली.

हॅश काढायला 'गिट एलएस-रिमोट' चालवा. एका टॅगपुढे दोन ओळी आल्या तर शेवटी टोपी आणि महिरपी कंस असलेली ओळ घ्या. खरा कमिट तो, दुसरी ओळ टॅगच्या ऑब्जेक्टची. इथे मीही फसलोय. आणि कमेंटमधून कोणाचा हॅश कॉपी करू नका, माझ्या डिस्क्रिप्शनमधूनही नको. फोर्कमधला (दुसऱ्याने काढलेल्या रेपोच्या कॉपीतला) कमिटसुद्धा मूळ रेपोच्या नावाने चालून जातो, म्हणून तो मूळ रेपोच्याच ब्रँचवर आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

"मग अपडेट कसे मिळणार?" हॅशच्या पुढे कमेंटमध्ये व्हर्जन लिहा, गिटहबचा अपडेट सुचवणारा बॉट, डिपेंडाबॉट, दोन्ही बदलून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारायची विनंती) टाकतो. ती न वाचता मर्ज करणाऱ्यांशी मला बोलायचं नाहीये.

आणि हो, हॅश लिहूनही ती ॲक्शन आतून दुसरी ॲक्शन टॅगनेच ओढत असेल, तर पाटीचा प्रश्न एक घर पुढे सरकला इतकंच. तिची 'ॲक्शन डॉट यामल' उघडून बघा, बऱ्याचदा पानभरसुद्धा नसते.

एनपीएमचं लॉकफाइल प्रकरण पुढच्या वेळी. तोवर ती सीक्रेट्सची फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) आहे का बघा. आत्ता, व्हिडिओ थांबवून. माझी नव्हती.