ओळख आहे का कुणाची?

(दृश्य: परळ. केईएम रुग्णालयाचं प्रवेशद्वार, केसपेपरच्या खिडकीपुढची सकाळची रांग.)

मुंबईत घरातलं कुणी अचानक आजारी पडलं, की ॲम्ब्युलन्सच्या आधी एक फोन होतो. कधी शाखेत, कधी नगरसेवकाच्या ऑफिसात, कधी चाळीतल्या त्या काकांना, ज्यांचा मेहुणा पालिकेत आहे. केईएमला कुणी ओळखीचं आहे का? सायनला? टाटाला? डॉक्टर कसे आहेत, हे सहसा कुणी विचारत नाही. ते चांगलेच असणार, हे धरून चाललेलं असतं.

सरकारी आरोग्यसेवा चांगली की वाईट, यावर या शहराचं कधीच एकमत होत नाही. एकाच घरात दोन मतं असतात. बाप म्हणतो, पालिकेच्या हॉस्पिटलनं मला वाचवलं. मुलगा म्हणतो, तिथे पाय ठेवायला नको. आम्हाला वाटतं, दोघंही खरं बोलतात, कारण दोघं वेगवेगळ्या दारांतून आत गेलेले असतात.

(दृश्य: लालबाग, चाळीचा जिना.)

लालबागच्या एखाद्या जुन्या गिरणी कामगाराला विचारून पाहा. तो शर्टाची दोन बटणं काढून बायपासचे टाके दाखवेल आणि सांगेल, खासगीत गेलो असतो तर खोली विकावी लागली असती. केईएमबद्दल त्याच्यासमोर वाकडा शब्द काढायची सोय नाही. या निष्ठेला इतिहास आहे. ब्रिटिश काळात इथल्या सरकारी वैद्यकीय शिक्षणात वरच्या जागा भारतीय डॉक्टरांना मिळत नसत. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पालिकेला देणगी देताना अट घातली, की इथे शिकवणारे भारतीयच असतील. १९२६ साली ते कॉलेज आणि त्याला जोडून केईएम सुरू झालं. म्हणजे हे रुग्णालय उभं राहिलं तेच एका अन्यायाला उत्तर म्हणून.

पुढे १९६८ साली डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, ते इथेच. रुग्ण वाचला नाही, पण तो प्रयत्न एका पालिकेच्या रुग्णालयात झाला होता. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. दिवस भरण्याआधी जन्मलेली, झोपडपट्टीतून आलेली बाळं त्या दुधावर जगली. सरकारी म्हणजे हलकं, असं सरसकट म्हणणाऱ्यांना हे माहीत असायला हवं.

(दृश्य: मानखुर्द स्थानक, सकाळची लोकल.)

आता मानखुर्दला या. इथली घरकाम करणारी बाई डॉक्टरांना नावं ठेवत नाही. तिची तक्रार डॉक्टरपर्यंत पोहोचण्याच्या वाटेबद्दल आहे. जवळच्या रुग्णालयात गेलं की तिथला तज्ज्ञ आज नसतो. तिथून पुढे पाठवतात, पुढच्या ठिकाणाहून आणखी पुढे. केसपेपर स्वस्त, पण त्यासाठी पहाटे निघावं लागतं. रक्त आज द्यायचं, रिपोर्ट परवा, सोनोग्राफीची तारीख त्याच्याही नंतरची. प्रत्येक फेरीला चार घरच्या कामांचा खाडा पडतो, आणि चौथ्या खाड्याला एखादं घर सुटतं. त्यात हातात चिठ्ठी येते: हे औषध बाहेरून आणा.

हे असं का झालं, ते नकाशा पाहिला की समजतं. पालिकेची केईएम, सायन, नायर ही मोठी रुग्णालयं आणि राज्य सरकारचं जे. जे., सगळी जुन्या मुंबईत आहेत. गिरण्या बंद पडल्या, चाळी पडून टॉवर उभे राहिले, माणसं विरार-कसाऱ्याकडे सरकली. हॉस्पिटलं परळ-भायखळ्यालाच राहिली. विलेपार्ल्याच्या कूपरला वैद्यकीय कॉलेज जोडलं गेलं ते अगदी अलीकडे, २०१५ साली. त्यामुळे केईएमला वर्षाला सुमारे १८ लाख बाह्यरुग्ण येतात. त्यात ज्याला मोठ्या शस्त्रक्रियेची गरज आहे तो असतो आणि ज्याला गल्लीतल्या दवाखान्यात बरं करता आलं असतं तोही असतो.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला निवासी डॉक्टर बसलेला असतो. एका ओपीडीत येणारी माणसं आणि घड्याळाचे तास यांचा हिशेब त्याला कधीच जुळवता येत नाही. रात्रपाळी करून तो सकाळी परत उभा राहतो. नातेवाइकांचा संताप झेलायला समोर तोच असतो, कारण पदं रिकामी ठेवणारा त्यांना दिसत नाही. २०१० साली महाराष्ट्रानं डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तरी मार्डचे, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे, संप थांबलेले नाहीत.

(दृश्य: मुलुंड, निवासी संकुलाचं फाटक.)

आणि तिसरा माणूस, ज्याच्या हातात कंपनीचा मेडिक्लेम आहे. त्याचं म्हणणं, टॅक्स आम्ही भरायचा आणि उपयोग दुसऱ्यांनी करायचा. हे मत या शहरात मोठ्यानं बोललं जातं, म्हणून त्याचा प्रतिवाद करतो. जीएसटी मानखुर्दची बाईसुद्धा भरते, साबणावर आणि मोबाइलच्या रिचार्जवर. शिवाय हाच मेडिक्लेमवाला बापाला कॅन्सर झाला की परळच्या टाटा मेमोरियलमध्येच जातो. ते १९४१ साली टाटा ट्रस्टनं उभारलं, आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे बिहार-बंगालमधून आलेली माणसं फुटपाथवर पथारी टाकून केमोच्या तारखेची वाट पाहतात. काहींना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. त्या रांगेत मुलुंडचा आणि मोतिहारीचा पेशंट एकत्र असतात.

इथूनच एक कडवट वाद निघतो: बाहेरचे येतात आणि आमचे बेड अडवतात. २०२४ च्या अर्थसंकल्पाच्या वेळी पालिकेनं मुंबईबाहेरच्या रुग्णांना वेगळं शुल्क लावण्याचा विचारही बोलून दाखवला. आम्हाला हे पटत नाही. मुंबईत राबणारी कितीतरी माणसं रात्री झोपायला दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला जातात. त्यांना बाहेरचं कसं म्हणायचं?

(दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं, योजनेचे फलक.)

सरकारची बाजूही नीट ऐकायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. २०१८ साली आयुष्मान भारत आली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. महाराष्ट्रात त्याच्या आधी, २०१२ साली, राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली होती. तिलाच आज महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हे थोडंथोडकं नाही. ज्याच्या घरात डायलिसिस चालू आहे, त्याला विचारा या योजनांच्या कार्डाची किंमत.

पण कार्ड प्रामुख्यानं लागतं ते दाखल झाल्यावर. डायबेटिसच्या महिन्याच्या गोळ्या, बीपी, मुलाचा ताप, तपासण्यांच्या फेऱ्या, म्हणजे गरिबाचा रोजचा आजार, त्यात बहुतेक येतच नाही. आणि बुडालेली मजुरी त्या ३९.४ टक्क्यांत मोजलेली नसते. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीनं १९४६ साली लिहून ठेवलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांपासून वंचित राहू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्के करण्याचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या धक्क्यानंतरही, तो १.८४ टक्के होता.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण अनेकांना ती माहीत नसते. मुंबईतली बरीच नावाजलेली खासगी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय ट्रस्ट आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. रेशन कार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा आणि धर्मादाय खाटेबद्दल विचारा. खाट शिल्लक नाही म्हणाले, तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार करा. हा हक्क आहे. तो मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

(दृश्य: २०२० मधली मुंबई, रिकामे रस्ते, गोरेगावचं नेस्को केंद्र.)

या शहरानं वेगळी पद्धतही पाहिली आहे. मे २०२० मध्ये राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या आणि दर बांधून दिले: साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पालिकेच्या २४ वॉर्डांत वॉर रूम सुरू झाल्या. पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की फोन वॉर रूममधून यायचा, आणि कुणाला कुठे न्यायचं ते तिथले डॉक्टर प्रकृती पाहून ठरवायचे. धारावीत दारोदार जाऊन तपासणी झाली, ताप मोजला गेला, ऑक्सिजन पाहिला गेला. तेव्हाही वशिले चालले असतील. एप्रिल २०२१ मध्ये खाटांसाठी माणसं तडफडली, हेही कुणी विसरलेलं नाही. पण बेड कुणाला, हे आजार किती गंभीर आहे यावरून ठरवायचं, ही पद्धत सरकारी यंत्रणेनं इथेच, याच कर्मचाऱ्यांच्या जोरावर उभी करून दाखवली. साथ ओसरली आणि आपण ती मोडून टाकली. या फिल्ममध्ये आमची कुणावर तक्रार असेल, तर ती या मोडून टाकण्यावर आहे.

(दृश्य: गोवंडी, संध्याकाळ. ‘आपला दवाखाना’ची पाटी.)

२०२२ पासून पालिकेनं वस्त्यांमध्ये ‘आपला दवाखाना’ सुरू केले. सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १०. तपासणी मोफत, औषध मोफत, १४७ रक्तचाचण्या मोफत. रात्री १० ही वेळ ज्यानं ठरवली त्याला कामकरी माणूस कळला होता. इथे खाडा पडत नाही. शहराचं पैसे खर्च करण्याचं पहिलं ठिकाण हेच असायला हवं, पुढच्या सुपरस्पेशालिटी इमारतीच्याही आधी.

मात्र दवाखाना पुढे कुठे पाठवतो, तेही बांधून घ्यावं लागेल. इथल्या डॉक्टरनं सोनोग्राफी लिहिली, की तारीख आणि ठिकाण इथेच संगणकावर मिळावं. मोठ्या रुग्णालयात त्या चिठ्ठीला वेगळी खिडकी असावी. एमआरआयची, हर्नियाची, सांधेबदलाची प्रतीक्षायादी नाव न देता फक्त नंबरनं रोज लावली जावी, म्हणजे मधे कोण घुसलं ते सगळ्यांना दिसेल. वॉर रूम चालवणारी वॉर्ड ऑफिसं आजही तिथेच आहेत. आणि ज्या नगरसेवकाच्या ऑफिसातून आज बेडसाठी चिठ्ठी मिळते, त्याच्याकडे पुढच्या वेळी चिठ्ठी मागू नका. आपल्या वॉर्डातल्या दवाखान्यात डॉक्टरांची किती पदं मंजूर आहेत आणि त्यातली किती भरली आहेत, तो कागद मागा.