भिंतीआडचे इंजिनिअर घडतात कुठे?

(दृश्य : रुग्णालयाचा कॉरिडॉर. ऑपरेशन थिएटरचं दार. दाराच्या फटीशी धरलेल्या चाचणीच्या नळीतून निघणारा धूर.)

या धुराकडे नीट पाहा. तो आत जात नाही, कॉरिडॉरकडे ढकलला जातोय. थिएटरमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. त्यामुळे कॉरिडॉरमधली हवा टेबलावरच्या रुग्णाच्या जखमेपर्यंत पोहोचत नाही. त्याच मजल्यावर क्षयरोगाच्या रुग्णाची खोली असेल, तर तिथे बरोबर उलटं करावं लागतं. दाब कमी ठेवायचा, हवा आत ओढली गेली पाहिजे, आणि तिथली हवा इतर खोल्यांत न फिरवता थेट इमारतीबाहेर सोडायची. अमेरिकेत रुग्णालयांसाठी जे मानक आहे, त्यानुसार थिएटरमधली हवा तासाला किमान २० वेळा बदलावी लागते आणि त्यातला किमान ४ वेळचा भाग बाहेरच्या ताज्या हवेचा असावा लागतो.

हे सगळं इमारतीत उतरवतो बिल्डिंग सर्व्हिसेस इंजिनिअर. हवा, पाणी, वीज, दिवे, लिफ्ट, सांडपाणी, आगीची सूचना देणारी आणि आग विझवणारी यंत्रणा, आणि या सगळ्यांना हुकूम देणारे कंट्रोल. साईटवर या कामाला बरेच जण नुसतं ‘एमईपी’, म्हणजे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग, म्हणतात. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ३० टक्के ऊर्जा इमारती चालवण्यात खर्च होते. म्हणजे हा माणूस चांगला शिकलेला असणं किती महत्त्वाचं आहे, ते वेगळं सांगायला नको. तरीही शाळेतल्या मुलांना हा व्यवसाय क्वचितच माहीत असतो. बहुतेक जण इथे दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेनं येऊन पोहोचतात.

(दृश्य : जुनी रेखाचित्रं. संसदेचं सभागृह, छिद्रं पाडलेली जमीन, उंच धुराडं.)

सुरुवातीपासून हे असंच आहे. १८३४ मध्ये लंडनमधलं संसद भवन जळालं. तात्पुरत्या सभागृहात मोकळी हवा खेळवण्याचं काम १८३६ मध्ये ज्याच्याकडे आलं, तो डेव्हिड बॉसवेल रीड एडिनबरामध्ये रसायनशास्त्र शिकवायचा. त्यानं जमिनीतल्या छिद्रांतून हवा आत घेतली आणि उंच धुराड्याखाली आग पेटवून वापरलेली हवा वर ओढून नेली. पुढे १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्याची तक्रार आली. दमट हवेनं कागद फुगतो, एकावर एक छापलेले रंग सरकतात. त्यावर उपाय शोधणारा विलिस कॅरियर तेव्हा २५ वर्षांचा होता. कॉर्नेल विद्यापीठातून बाहेर पडून त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. मार्गारेट इंगल्स यांनी १९१६ मध्ये केंटकी विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि त्या वातानुकूलनाच्या क्षेत्रात आल्या. तेव्हा इंजिनिअरिंगच्या वर्गात मुली जवळपास नसायच्याच. यांच्यापैकी कुणालाच या विषयाचा तयार अभ्यासक्रम मिळाला नव्हता. आज तो मिळतो, आणि एकापेक्षा जास्त दारांनी मिळतो.

(दृश्य : बांधकाम सुरू असलेली इमारत. छताखाली लटकलेले पाइप, हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट, केबल ट्रे. शिडीवर एक तरुणी आणि तिचे उस्ताद.)

पहिलं दार हाताच्या कामाचं. शाळा संपली की प्लंबर, इलेक्ट्रिशियन, डक्ट बसवणारा किंवा रेफ्रिजरेशन मेकॅनिक यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागायचं. आठवड्यातले काही दिवस साईट, काही दिवस प्रशिक्षण केंद्र. या दाराला कमी लेखणारी माणसं मला पटत नाहीत. इथे जे शिकायला मिळतं, ते ऑफिसात बसून वर्षानुवर्षं हाती लागत नाही.

छतातली ही जागा पाहा. स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यामध्ये जेमतेम दोन हात उंची आहे, आणि तिथून सगळ्यांनाच जायचंय. आधी कोण जाणार? अनुभवी फिटर क्षणभरही विचार करत नाही. सांडपाण्याचा पाइप आधी. त्यातलं पाणी फक्त उतारावर वाहतं, त्याला वर उचलून वळसा घालता येत नाही. मग मोठा डक्ट, कारण त्याचा आकारच अवजड. नंतर दाबाखालच्या पाण्याचे पाइप, ते वळवता येतात. केबल सगळ्यांत शेवटी, कारण ती कुठूनही जाते. शिडीवरच्या या मुलीला हा क्रम पहिल्याच वर्षात कळतो. व्हॉल्व्ह बसवला, पण पाना फिरवायला जागा ठेवली नाही, किंवा फिल्टर ओढून काढायला समोर मोकळी जागा नाही, या गोष्टी ती हातानं अनुभवते. पुढे तिनं स्वतः ड्रॉईंग काढलं, तर त्यात ती जागा आपसूक सुटलेली असते.

या वाटेची अडचण गणिताची आहे, हेही सांगायला हवं. पाइप कसा जोडायचा ते येतं, पण किती व्यासाचा घ्यायचा हे ठरवायला प्रवाह, दाब, घर्षण यांचा हिशोब लागतो. तिथे अनेक जण अडतात. काम सांभाळून शिकायची सोय त्यांच्यासाठी फार मोलाची असते. काही देशांत आता नोकरी आणि पदवी एकत्र चालतात. इंग्लंडमध्ये २०१५ पासून अशी पदवी शिकाऊ उमेदवारी आहे. कंपनी पगार देते, विद्यार्थी ठरलेला वेळ विद्यापीठात जातो, आणि शेवटी शिक्षण शुल्काचं कर्ज अंगावर न घेता पदवीधर होतो. अभ्यास आणि काम दोन्ही ओढताना माणूस दमतो, पण सकाळी वर्गात शिकलेलं सूत्र दुपारी पंपरूममध्ये दिसतं. हे सुख दुसऱ्या कुठल्या वाटेवर नाही.

दुसरं दार डिप्लोमाचं. ड्रॉईंग, मॉडेलिंग, चाचण्या, साईटवरची देखरेख ही कामं बहुतांशी डिप्लोमा झालेले तंत्रज्ञ सांभाळतात. डिप्लोमानंतर थेट पदवीच्या पुढच्या वर्षात प्रवेश मिळण्याची सोयही बऱ्याच ठिकाणी आहे.

(दृश्य : विद्यापीठातला वर्ग. फळ्यावर वक्र रेषांचा दाट आलेख.)

आणि तिसरं दार पदवीचं. खास बिल्डिंग सर्व्हिसेसची पदवी देणारी विद्यापीठं जगात मोजकीच. काही ठिकाणी हाच विषय आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग या नावाखाली शिकवतात. बाकी सगळे मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल करून येतात. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला इंजिनाचं चक्र तोंडपाठ असतं, पण माणसांनी भरलेली खोली त्यानं कधी मोजलेली नसते. इलेक्ट्रिकलवाल्याला मोटर माहीत असते, टेबलावर किती उजेड पडायला हवा हे माहीत नसतं. ही उणीव पहिल्या दोन-तीन वर्षांत भरून काढावी लागते. पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यासाठी उपयोगी पडतो.

फळ्यावरचा हा आलेख सायक्रोमेट्रिक चार्ट. त्यामागची सूत्रं कॅरियरनं १९११ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. हवेचं तापमान आणि आर्द्रता कळली, की तिच्यात किती बाष्प आहे, किती उष्णता आहे, किती थंड केली तर पाणी सुटेल, हे सगळं यावरून वाचता येतं. आता एक हिशोब करू. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. सभागृहात २०० माणसं बसली, की २० किलोवॉट झाले. दिवे, ऊन, यंत्रं अजून धरलेलीच नाहीत. शिवाय त्या उष्णतेचा एक भाग श्वासातून आणि घामातून बाष्प होऊन येतो. नुसतं तापमान खाली आणलं आणि बाष्प तसंच राहू दिलं, तर खोली थंड होते, पण अंगाला चिकचिक वाटते. विद्यार्थ्याला हा आलेख समजला, त्या दिवशी त्याला हवा दिसायला लागते, असं मी म्हणेन.

पंख्याचाही एक नियम आहे. लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्के कमी केला, तर वीज जवळपास निम्म्यावर येते. परीक्षेत हे सगळे बरोबर लिहितात. साईटवर मात्र पंखा पूर्ण वेगानं फिरतोय आणि पुढे डॅम्पर, म्हणजे डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप, अर्धा बंद करून हवा अडवलीय, असं दृश्य हमखास दिसतं. सूत्र पाठ असणं आणि ते मशीनरूममध्ये आठवणं, यांच्यामध्ये बरंच अंतर आहे.

(दृश्य : गरम पाण्याची टाकी, तिच्यावरचा तापमापक. मग एक बंद टोकाचा पाइप.)

पाण्याचंही तसंच. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर न्यूमोनियाची साथ पसरली. कारण ठरलेला जिवाणू पुढच्या वर्षी सापडला, त्याला नाव मिळालं लीजनेला. तो साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतो. म्हणून गरम पाणी ६० अंशांच्या आसपास साठवायचं, थंड पाणी २० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करायचा, आणि पाणी साचून राहील असा मुका पाइप कुठेही सोडायचा नाही. असा पाइप ड्रॉईंगवर निरुपद्रवी दिसतो. तो धोकादायक आहे हे ओळखायला जीवशास्त्र, प्लंबिंग आणि इमारतीचा रोजचा वापर, तिन्ही माहीत असावं लागतं. शिकाऊ प्लंबरला आणि पदवीधराला हा धडा एकाच टेबलावर बसवून द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : पूर्ण झालेली इमारत, रात्रीची वेळ. प्लांटरूम, म्हणजे इमारतीच्या यंत्रांची खोली. हातात मीटर, गळ्यात वॉकीटॉकी अडकवलेली टीम.)

तिन्ही दारांतून आलेली माणसं एकत्र येतात ती इथे, कमिशनिंगमध्ये. इमारत बांधून झाली, यंत्रं बसली. आता ती खरंच चालतात का, ते तपासायचं. प्रत्येक खोलीत ठरलेली हवा येते का? शेवटच्या मजल्यावर पाण्याला दाब आहे का? हवेचं बॅलन्सिंग करताना एक डॅम्पर आवळला, की दुसऱ्या टोकाची हवा वाढते. मग परत पहिल्याकडे जायचं.

मग येते मुख्य वीज तोडण्याची चाचणी. सगळं अंधारात जातं. आपत्कालीन दिवे लागले पाहिजेत, जनरेटर सुरू झाला पाहिजे, ठरलेल्या क्रमानं भार त्यावर आला पाहिजे. आणि आगीची चाचणी. एका डिटेक्टरला धूर दाखवायचा आणि पाहायचं. घंटा वाजली का, लिफ्ट ठरलेल्या मजल्यावर येऊन दारं उघडून थांबल्या का, हवेचे पंखे बंद झाले का, डक्टमधून आग पसरू नये म्हणून बसवलेले फायर डॅम्पर मिटले का, जिन्यात दाबाची हवा भरली का. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कंत्राटदाराची असते. लिफ्टवाल्यानं आपलं काम चोख केलंय, अलार्मवाल्यानंही केलंय, पण दोघांमधली एक तार कुणाच्याच कामात धरलेली नव्हती, असं इथे उघडकीस येतं.

म्हणून सांगतो, तुम्ही कुठल्याही दारानं या, शिकण्याच्या काळात कमिशनिंगचे काही महिने तरी पदरात पाडून घ्या. डिझाइन ऑफिसात लागलेल्या मुलांना हे अनेकदा मिळत नाही. त्यांचं ड्रॉईंग मंजूर होतं, पुढचा प्रकल्प हातात येतो, आणि आपण काढलेल्या डक्टमधून हवा वाहते की नाही हे त्यांना कधी कळतच नाही. सॉफ्टवेअर तर चुकीच्या आकड्यांवरही आत्मविश्वासानं उत्तर देतं. त्या उत्तरावर शंका घ्यायची सवय प्लांटरूममध्ये लागते.

इमारती चालवणाऱ्या, म्हणजे देखभालीच्या टीममधलं कामही असंच दुर्लक्षित आहे. पाच वर्षांनी काय गंजतं, कुठला व्हॉल्व्ह अडकतो, कुठला सेन्सर खोटं सांगू लागतो, हे त्यांनाच माहीत असतं. करिअरची सुरुवात तिथून करणं मला अजिबात कमीपणाचं वाटत नाही.

(दृश्य : मुलाखतीचं टेबल. पलीकडे तीन ज्येष्ठ इंजिनिअर.)

पुढची पायरी व्यावसायिक नोंदणीची. अमेरिकेत या शाखेची संघटना १८९४ पासून आहे, ब्रिटनमध्ये १८९७ पासून. शिक्षण, काही वर्षांचा जबाबदारीचा अनुभव आणि कुठे परीक्षा, कुठे ज्येष्ठांसमोर मुलाखत, असा साधारण रस्ता असतो. तंत्रज्ञालाही इथे स्वतःचा दर्जा आहे. एका देशातलं शिक्षण दुसऱ्या देशात ओळखलं जावं, म्हणून तीन आंतरराष्ट्रीय करार आहेत. पदवीधर इंजिनिअरांसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार, तंत्रज्ञानाच्या पदवीसाठी २००१ चा सिडनी करार, तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी २००२ चा डब्लिन करार. कॉलेज निवडताना आपला अभ्यासक्रम यांपैकी कशात बसतो, हे प्रवेशाआधीच विचारा. करार शिक्षणाला मान्यता देतो, परवाना मात्र त्या-त्या देशाचा वेगळा घ्यावा लागतो.

(दृश्य : सकाळ. साईटच्या फाटकातून आत येणारी तरुण मंडळी, हेल्मेट चढवताना.)

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाल, तेव्हा पगाराबरोबर आणखी काही प्रश्न विचारा. मला साईटवर किती वेळा नेणार? माझं गणित कोण तपासणार, आणि चूक सापडली तर समजावून सांगणार की नुसतं दुरुस्त करून टाकणार? पुढे शिकायचं ठरवलं, तर परीक्षेला सुट्टी मिळेल? मी काम केलेली इमारत सुरू होईल, तेव्हा त्या चाचण्यांना मला उभं राहता येईल? या शेवटच्या प्रश्नाला जी कंपनी लगेच हो म्हणेल, तिथे पगार थोडा कमी असला तरी जा.