चिप दिसते, पण बोलत नाही

पडद्यावरची ही ओळ मागे बसलेल्यांनाही दिसत असावी. नव्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि 'पीसीआयकॉन्फ' ही कमांड दिली, की आत काय काय जोडलेलं आहे त्याची यादी येते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते उपकरण सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचं नाव. वायफायच्या ओळीत मात्र पहिलाच शब्द आहे 'नन', म्हणजे कुणी नाही. चिप दिसते आहे. पुढे ८०८६ हा क्रमांक आहे म्हणजे ती इंटेलची आहे (हो, त्यांच्या त्या जुन्या प्रोसेसरचाच आकडा). फक्त तिला कुणी वाली नाही.

अशा वेळी हमखास कुणीतरी म्हणतं, "लिनक्सवर चालते ना? मग तिथला ड्रायव्हर उचला आणि इथे लावा." आज मी एवढंच सांगणार आहे, की हे 'उचला आणि लावा' इतकं अवघड का आहे.

पूर्वीचं दुखणं वेगळं होतं. तेव्हा कंपन्या माहितीच देत नसत. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी लोकांनी काय केलं, तर एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उसवून चिप कशी वागते त्याची टिपणं काढली. दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर डोळ्यांनी न बघता, निव्वळ टिपणांवरून नवा लिहिला. २००६ मध्ये तो लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आला. अशी चिकाटी आजकाल क्वचितच लागते. इंटेल स्वतःच लिनक्सचा ड्रायव्हर लिहून देतं, तोही दुहेरी परवान्याखाली. म्हणजे बीएसडीवाल्यांना तो घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.

मग अडतं कुठे? मुळात वायफायचा ड्रायव्हर एकटा उभा नसतो. त्याच्या वर एक थर असतो, जो नेटवर्क शोधतो, ओळख पटवतो, जोडणी सांभाळतो. लिनक्समध्ये त्या थराचं नाव मॅक८०२११, फ्रीबीएसडीमध्ये नेट८०२११. नावं सख्ख्या भावांसारखी, संसार वेगळे. इंटेलचा ड्रायव्हर पहिल्या घरात वाढलेला आहे. फ्रीबीएसडीने मध्ये एक दुभाषा बसवला, लिनक्सकेपीआय. ड्रायव्हरला वाटतं आपण लिनक्समध्येच आहोत; त्याच्या प्रत्येक हाकेला हा दुभाषा ओ देतो.

दुभाष्याची गंमत बघा. नेट८०२११ मोजतं ती सबंध जोडणीची अवस्था: शोध, ओळख, जोडणी, चालू. मॅक८०२११ मोजतं ती समोरच्या प्रत्येक स्टेशनची (म्हणजे पलीकडच्या वायफाय उपकरणाची) अवस्था, आणि तिथे शेवटची पायरी असते 'अधिकृत', म्हणजे पासवर्डवरून संदेश कुलूपबंद करायच्या किल्ल्या ठरून झाल्यावरची. इकडे 'चालू' ही अवस्था त्या किल्ल्या ठरण्याच्या आधीच येते! म्हणजे एक थर म्हणतो झालं, दुसरा म्हणतो अजून एक पायरी बाकी आहे. आणि खाली चिपमध्ये स्वतःचा प्रोसेसर, त्यावर स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर. त्याला आधी स्टेशन सांगायचं, मग त्या स्टेशनची किल्ली द्यायची. क्रम चुकला तर ते समजून घेत नाही. सरळ कोसळतं आणि लॉगमध्ये हेक्स आकड्यांची रांग ओकतं. त्या रांगेचा अर्थ पुरता कळतो तो कंपनीच्या माणसांना. मी अशा आकड्यांकडे रात्र रात्र बघत बसलोय, हाती फार काही लागलेलं नाही.

म्हणूनच मे २०२२ मध्ये फ्रीबीएसडी १३.१ मध्ये हा ड्रायव्हर आला तेव्हा चिप चालली खरी, पण जुन्या ए-बी-जी पद्धतीने. कागदावर कमाल ५४ मेगाबिट. एन आणि एसी या नव्या, वेगवान पद्धती आल्या १४.३ मध्ये, जून २०२५ ला. मधली तीन वर्षं लोक विचारत होते, चिप वेगवान आहे ना, मग वेग का नाही? कारण वेग नुसत्या चिपमध्ये नसतो. जुन्या पद्धतीत एक फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा पाठवायचा, पोच घ्यायची, हवा मोकळी व्हायची वाट बघायची, मग पुढची. नव्या पद्धतीत अनेक फ्रेमची एकच माळ करून पाठवतात, ८०२.११एनमध्ये ६४ पर्यंत, आणि सगळ्यांची मिळून एक पोच येते. ही माळ ओवायची की नाही याची बोलणी समोरच्याशी आधी करावी लागतात. ती बोलणी कुणी करायची, वरच्या थराने की ड्रायव्हरने, हे दोन्ही घरांत वेगळं. अशा एकेका रिवाजाचा दुवा हाताने जोडावा लागतो.

ओपनबीएसडीने, म्हणजे बीएसडी घराण्यातल्याच दुसऱ्या सिस्टिमने, दुभाषा नको म्हटलं. लिनक्सचा कोड समोर ठेवून त्यांनी आपल्या थराला शोभेल असा आयडब्ल्यूएक्स ड्रायव्हर लिहिला. वाचायला तो फार सुटसुटीत आहे. पण प्रत्येक नव्या पिढीच्या चिपसाठी कुणीतरी माणूस बसायला हवा, आणि अशी माणसं मोजकीच. माझा कौल दुभाष्याला, थोडा मन मारून. तिसरी वाट वायफायबॉक्सची: छोट्या आभासी यंत्रात लिनक्स चालवायचं, वायफायचं कार्ड त्याच्या हवाली करायचं आणि इंटरनेट त्याच्याकडून घ्यायचं. ऐकून हसू येतं, मीही हसलो होतो. नंतर निमूटपणे वापरलं.

यूएसबी अडॅप्टरबद्दल एक गाऱ्हाणं. मी एकाच मॉडेलचे दोन घेतले, खोकी सारखी, नाव तेच. आत चिप वेगवेगळ्या. एक लगेच चालला, दुसरा अजून खणात पडून आहे. म्हणून कुणाला मदत मागताना खोक्यावरचं नाव सांगू नका. कंपनीचा आणि उपकरणाचा क्रमांक द्या, आणि बूट होतानाचा लॉग, पूर्ण. 'वायफाय चालत नाही' यावरून कुणालाच काही करता येत नाही. फर्मवेअरची फाइल सापडली नाही, की सापडून कोसळली, ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत आणि पहिल्याला दहा मिनिटं पुरतात.

अर्थात ती फाइल उतरवायलाही नेटवर्क लागतं, आणि नेटवर्क नाही म्हणूनच तर आपण इथवर आलो. फोन यूएसबीने जोडून भागतं. तेव्हा ज्यांच्या पडद्यावर 'नन' आहे त्यांनी लॅपटॉप घेऊन पुढे या. केबल मी आणली आहे.