नॉरिस धरणाकाठी: न्यू डीलची गोष्ट

नमस्कार मंडळी. मसालेभाताचा वास सुटलेला असताना भाषणाला उभं राहणं म्हणजे धाडसच. पण समितीने विषयच या जागेचा दिलाय, म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या या नॉरिस धरणाचा आणि न्यू डीलचा, १९३०च्या दशकातल्या महामंदीत रूझवेल्ट सरकारने काढलेल्या योजनांचा. तेव्हा थोडा वेळ घेतो.

काल रात्री तुमच्यापैकी काही जण इथल्या जुन्या लाकडी केबिनांत झोपलात. त्या १९३०च्या दशकात सीसीसीच्या, म्हणजे सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरच्या पोरांनी बांधल्या. घरी हातातोंडाची गाठ पडत नाही अशी अठरा ते पंचवीस वयाची, बिनलग्नाची मुलं. छावणीत राहायचं, झाडं लावायची, रस्ते करायचे. पगार महिना ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी. न्यू डीलच्या साऱ्या पसाऱ्यात मला हा पंचविसाचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. कोकणातली मनीऑर्डरवर चाललेली घरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना तो समजावून सांगायला नको.

१९२९च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि १९३३ उजाडेपर्यंत दर चार कामकऱ्यांतला एक बेकार झाला होता. बँका हजारोंनी बुडाल्या होत्या. ४ मार्च १९३३ला रूझवेल्टनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि दोनच दिवसांत देशभरच्या बँका बंद ठेवल्या. ९ तारखेला बँका सावरायचा कायदा केला. १२ला, रविवारी रात्री, रेडिओवरून लोकांना साध्या भाषेत सांगितलं की तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत कोंडून ठेवत नाही, तो कर्जाऊ फिरवते. दुसऱ्या दिवसापासून धड असलेल्या बँका टप्प्याटप्प्याने उघडल्या आणि घाबरून पैसे काढून नेलेले लोक ते परत भरायला रांगेत उभे राहिले. जूनमध्ये ठेवींच्या विम्याचा कायदा झाला, सुरुवातीला २,५०० डॉलरपर्यंतचा. आपल्याकडे सहकारी बँकेच्या बंद दारासमोर ज्यांचे आईवडील पासबुक घेऊन उभे राहिलेत, त्यांना या विम्याची किंमत कळेल.

पण रूझवेल्टकडे तयार आराखडा होता आणि तो त्यांनी राबवला, असं मात्र नाही. करून पाहायचं, नाही जमलं तर सोडून दुसरं धरायचं, असा सगळा कारभार. शेतमालाचे भाव वर यावेत म्हणून १९३३मध्ये साठेक लाख डुकरांची पिल्लं मारली, तीही लोक उपाशी असताना! उद्योगांनी आपसांत वेतन आणि भावाचे नियम ठरवावेत म्हणून निळ्या गरुडाचं बोधचिन्ह दुकानोदुकानी लागलं; ते नियम मोडले म्हणून ब्रुकलिनच्या कोंबडी विकणाऱ्या भावांवर खटला झाला, त्यांनी वर दाद मागितली आणि १९३५मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदाच मोडीत काढला. १९३७मध्ये जरा बरे दिवस दिसताच सरकारने खर्चाला कात्री लावली आणि बेकारी पुन्हा उसळली. मंदी पुरती हटली ती युद्धाची मागणी आल्यावर. न्यू डीलने मंदी संपवली असं म्हणणाऱ्यांशी म्हणून माझं जमत नाही. न्यू डीलने माणसं जगवली, हे मात्र मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

आता हे समोरचं धरण. क्लिंच नदीवरचं, २६५ फूट उंच, टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने, म्हणजे टीव्हीए या खोऱ्याच्या विकासासाठीच्या सरकारी संस्थेने, बांधलेलं पहिलं. ऑक्टोबर १९३३ला काम सुरू झालं, १९३६ला पुरं झालं. जास्तीत जास्त हातांना काम मिळावं म्हणून इथे साडेपाच तासांच्या चार पाळ्या लावल्या होत्या. पण पाण्याखाली जमिनी गेल्या त्या जवळपास २,९०० कुटुंबांच्या. मोबदला जमीनमालकाला, कुळांच्या हाती काही नाही. कबरीसुद्धा उकरून दुसरीकडे नेल्या. मुळशी, कोयना, उजनी ही नावं ऐकत वाढलेल्या आपल्याला यात परकं काय आहे? कामगारांसाठी वसवलेलं नॉरिस हे टुमदार आदर्श गाव तुम्ही येताना पाहिलंत, त्यात काळ्या कामगारांना घर मिळत नव्हतं. आदर्श गावालाही गावकूस होतं. १९३५च्या सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनच्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले, म्हणजे दक्षिणेतले बहुतेक काळे कष्टकरी. ते आत येऊ लागले १९५०नंतर.

याच टीव्हीएचा एक धागा थेट बाबासाहेबांपर्यंत जातो. १९४३च्या पुरानंतर बंगाल-बिहारातल्या दामोदर खोऱ्याचं काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं, वीज आणि पाटबंधारेही त्यातच. टीव्हीएचे इंजिनिअर वूर्डुइन यांना भारतात बोलावलं गेलं आणि पूरनियंत्रण, वीज, सिंचन यांचा एकत्र विचार करणारं दामोदर खोरे महामंडळ १९४८मध्ये उभं राहिलं.

दुसरा धागा मात्र आपला आपण विणलाय, इथून उसना घेतलेला नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला लाखो माणसं गेली. सुकडी खाल्लेले काही जण इथेही बसलेत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच सांगली जिल्ह्यात ही कल्पना आजमावली होती. मागेल त्याला काम, हा पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. अमेरिकेत १९३५पासून डब्ल्यूपीए या बेकारांना काम देणाऱ्या सरकारी खात्याने ८५ लाख लोकांना काम दिलं, पण काम मागण्याचा हक्क काही दिला नाही. १९४३ला ते खातंच गुंडाळलं. इथे महाराष्ट्र पुढे गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसा कुठून आला ते सांगतो आणि बसतो. रूझवेल्टनी पेन्शनची वर्गणी हट्टाने पगारातून कापायला लावली, म्हणजे पुढच्या कुठल्या पुढाऱ्याला ती योजना मोडता येऊ नये. तुमच्या इथल्या पगारचिठ्ठीत ती कपात आजही आहे. आणि पुण्या-मुंबईत नोकरी केलेल्यांनी आपली जुनी पगारचिठ्ठी आठवावी: व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. दरवर्षी मार्चमध्ये आपण त्यावर कुरकुर करायचो ना? तो कर १९७५मध्ये रोजगार हमीसाठीच लावला होता.