हात ऊन, पाय गार

नमस्कार श्रोतेहो.

पाचवीला आपण कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून. त्याच सुमारास बाळाच्या छातीतलं एक दारही मिटत असतं. पोटात असताना फुप्फुसाकडचं रक्त महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीत, वळवणारी छोटी नळी जन्मानंतर आपोआप बंद होते. एरवी कुणाला कळतही नाही. पण महाधमनीची कमान नेमकी तिथेच अरुंद असली, तर नळी मिटली की खाली जाणारं रक्त अडतं. लक्षात ठेवा, नळी मिटली की रक्त अडतं. मग घरी आलं तेव्हा छान असलेलं बाळ दूध सोडतं, धापा टाकतं.

दांडिया बाजारात माझा दवाखाना होता तेव्हाची गोष्ट. सहाव्या दिवशी एक आजी बाळ घेऊन आल्या, सोबत मालिशवाली मावशी. दूध नीट ओढत नाही, एवढीच तक्रार. बोटाला यंत्र लावलं, ऑक्सिजन ९६. हा आजार ते यंत्र पुष्कळदा पकडत नाही, तरी मी निर्धास्त झाले. म्हटलं, दुपटी कमी करा. (बडोद्याच्या मे महिन्यात तान्ह्या पोराला समोशासारखं गुंडाळायची हौस कुणाची, मला कधीच कळलं नाही. असो.)

आजी उठल्या, मावशी हलेना. "बेन, हाथ ऊना ने पग टाढा. तेल चोळून दमले, पाय काही तापत नाहीत."

मी जरा चिडूनच म्हटलं, तान्ह्यांचे पाय गारच असतात. ती तशीच उभी. मग जांघेत बोटं ठेवली. दंडात नाडी टपटप लागत होती. जांघेत काहीच नाही, दोन्हीकडे. रक्तदाब उजव्या हातात ८८, पायात ५४. वीसचा फरक दिसला तरी आम्ही सावध होतो. बाळाचे पाय गारच होते, माझे कान मात्र तापले.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, अरुंद जागा स्पष्ट दिसली. प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावलं. त्यानं मिटती नळी पुन्हा उघडते. पण श्वासही थांबू शकतो, म्हणून अहमदाबादपर्यंत सिस्टरनं बाळाच्या छातीवरचा हात काढला नाही. तिथे डाव्या बरगड्यांमधून जाऊन अरुंद तुकडा काढला, टोकं तिरकी कापून जोडली, म्हणजे सांधा आवळत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक नळीवर हे शिवणकाम! अशी पहिली शस्त्रक्रिया १९४४ साली स्टॉकहोमला क्राफूर्ड यांनी केली. कमानच बारीक असेल तर छाती समोरून उघडून, हृदयाचं काम करणाऱ्या यंत्रावर रक्त फिरवत ठिगळ लावतात.

तर जांघेतली नाडी. पुन्हा सांगते, जांघेतली नाडी. घरी सोडण्याआधी डॉक्टरांना ती बघायला सांगा.

सांधा पुन्हा अरुंद होऊ शकतो. मग बहुतेकदा फुग्यानं रुंद करतात. रक्तदाब मात्र जन्मभर बघायचा. तो मुलगा आता चौथीत आहे. हाताला पट्टा बांधला की शहाण्यासारखा बसतो. पायाला बांधला की गुदगुल्या होतात म्हणून आखडून घेतो, आणि पाय चांगले ऊन असतात.