ॲपबंदीचा आदेश वाचायचा कुणी?

(दृश्य : पणजी, अठरा जून रस्ता. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचा काउंटर. उघडून ठेवलेला फोन, चिमट्यात धरलेलं सिमकार्ड.)

२९ जून २०२०. गोव्याच्या किनाऱ्यावर हा सांगोडाचा, म्हणजे मच्छीमारांच्या होड्यांच्या सणाचा दिवस. त्या संध्याकाळी दिल्लीहून एक प्रेस नोट निघाली आणि ५९ ॲपवर बंदी आली. टिकटॉक, हॅलो, लाइकी, वीचॅट, यूसी ब्राउझर, शेअरइट, कॅमस्कॅनर. गलवानमध्ये २० जवानांना वीरमरण येऊन दोन आठवडे झाले होते. बंदीला विरोध करण्याच्या मनःस्थितीत देशात फारसं कुणी नव्हतं.

प्रेस नोटमध्ये कारणं होती : सार्वभौमत्व, अखंडता, संरक्षण, सार्वजनिक व्यवस्था. लोकांची माहिती देशाबाहेरच्या सर्व्हरवर चोरून जाते, असंही त्यात म्हटलं होतं. पण प्रेस नोट म्हणजे आदेश नव्हे. मूळ आदेश जनतेसमोर ठेवलाच गेला नाही.

त्या यादीत नाचगाण्यांचीच ॲप होती असं नाही. शेअरइटवरून नाटकाच्या तालमीचा व्हिडिओ इंटरनेटशिवाय या फोनवरून त्या फोनवर जायचा. कॅमस्कॅनरवर एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा दाखला) स्कॅन करून लोक वकिलाला पाठवायचे. ही गैरसोय होती, आणि ती महिनाभरात निस्तरली. टिकटॉकचं तसं नव्हतं. देशभरात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते आणि त्यातल्या बहुतेकांना दुसऱ्या कुठल्या व्यासपीठावर कुणी विचारत नव्हतं.

(दृश्य : फोनचा स्क्रीन. ॲप उघडतं, फिरतं, संदेश येतो : नेटवर्क नाही.)

बंदी प्रत्यक्षात कशी बसते, ते पाहू. पहिली पायरी, ॲप स्टोअर. गुगल आणि ॲपल आपापल्या भारतीय दुकानातून ॲप काढतात. टिकटॉक दुसऱ्याच दिवशी गेलं. दुसरी पायरी, इंटरनेट कंपन्या. दूरसंचार विभागाच्या सूचनेवरून त्या डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, खोटा किंवा रिकामा पत्ता देतात, नाहीतर आयपी पत्ताच, म्हणजे सर्व्हरचा क्रमांकच अडवतात. काही मोठ्या कंपन्या याहून पुढे जातात. जोडणी सुरू होताना फोन ज्या साइटचं नाव पाठवतो, ते नाव वाचून तिथेच जोडणी तोडतात. पत्र बंद असतं, पण पाकिटावरचा पत्ता उघडा राहतो, तसं हे. म्हणूनच डीएनएस बदलून पाहणाऱ्याला कधी यश येतं, कधी येत नाही.

तिसरी पायरी खुद्द कंपनीची. कायदा मोडला तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, त्यामुळे कंपनी मुकाट्याने सेवा बंद करते. टिकटॉकसारखं ॲप सिमकार्डवरचा देशाचा क्रमांकही वाचतं. भारताचे क्रमांक ४०४ आणि ४०५. व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशातून जोडलो आहोत असं भासवणारी सोय) लावूनही अनेकांचं ॲप उघडत नाही त्याचं कारण हेच.

चुका याच वाटेवर होतात. स्टोअरमधून गेलेलं ॲप फोनमधून जात नाही. ते अपडेटशिवाय तिथेच राहतं आणि त्यातली सुरक्षेची भोकं बुजवायला कुणी येत नाही. मग लोक व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाइल) उतरवतात. जुलै २०२० मध्ये ‘टिकटॉक प्रो’ नावाचं बनावट ॲप असंच फिरलं आणि महाराष्ट्र सायबर विभागाला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. डिसेंबर २०१४ मध्ये तर दहशतवादी मजकुराच्या नावाखाली ३२ साइट अडवल्या, त्यात प्रोग्रामर कोड ठेवतात ते गिटहब आणि व्हिडिओंची साइट व्हिमिओ. अर्ध्या देशाचे प्रोग्रामर आपला कोड कुठे गेला म्हणून शोधत बसले.

(दृश्य : कायद्याचं पुस्तक. कलम ६९अ.)

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे नियम. मागणी आली की केंद्राचा नियुक्त अधिकारी ती समितीपुढे ठेवतो. समितीत कायदा, गृह, माहिती-प्रसारण या खात्यांचे आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे प्रतिनिधी. नोटिशीला उत्तर द्यायला किमान ४८ तास मिळायला हवेत. तातडीचं असेल तर नियम ९ : आधी बंदी, मग ४८ तासांत प्रकरण समितीपुढे. ५९ ॲपची बंदी आधी अंतरिम होती, ती जानेवारी २०२१ मध्ये कायम झाली. दर दोन महिन्यांनी आढावा समितीने बसायचं असतं. तिच्यात सगळे सचिव. न्यायाधीश एकही नाही.

गोवा सरकारला या कलमाखाली स्वतः काही बंद करता येत नाही. राज्याचा नोडल अधिकारी मागणी दिल्लीला पाठवू शकतो, इतकंच. अर्थात अलीकडे ‘सहयोग’ पोर्टल आलं आहे. त्यावरून राज्यांचे पोलिससुद्धा कलम ७९(३)(ब) खाली मजकूर हटवायला सांगू शकतात, आणि त्या वाटेवर ६९अ मधली समितीही नाही. एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने त्याला आव्हान दिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते फेटाळलं.

खरी मेख नियम १६ मध्ये आहे. तक्रार, कारवाई, आदेश, सगळं गोपनीय. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात याच कायद्याचं, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशाला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं. गोव्याला ते कलम चांगलंच माहीत होतं. २०१४ मध्ये इथल्या एका जहाजबांधणी अभियंत्यावर फेसबुकवरच्या पोस्टमुळे लागलेल्या कलमांत तेही होतं. त्याच निकालात ६९अ मात्र टिकलं. का टिकलं, तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्या नोंदींना उच्च न्यायालयात आव्हान देता येतं म्हणून. पण नोंद दाखवायचीच नाही म्हटल्यावर आव्हान कशाला द्यायचं? कलम टिकलं ते ज्या आधारावर, तो आधार नियम १६ काढून घेतो.

आणि कंपनी विदेशी असली की गाठ आणखी घट्ट होते. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, घटनेचं कलम १९, हे नागरिकांना आहे. टिकटॉकची मालक बाइटडान्स नागरिक नाही, एक्सही नाही. म्हणजे आदेश ज्या कंपनीच्या हातात असतो तिला बोलण्याचा हक्क मागता येत नाही. ज्याला तो हक्क आहे, म्हणजे व्हिडिओ करणारा डिचोलीचा किंवा पेडण्याचा माणूस, त्याच्या हाती आदेश नसतो. सुरक्षेचं कारण खरं असेलही. चीनच्या कायद्याने तिथल्या कंपन्यांना सरकारी गुप्तचर कामात मदत करणं भाग आहे, ही काही अफवा नव्हे. पण खरं आहे की नाही हे तपासायचं ठिकाण कोर्ट आहे, आणि कोर्टाच्या दारातच माणूस रिकाम्या हाताने उभा राहतो.

(दृश्य : वॉशिंग्टन, न्यायालयाच्या पायऱ्या, संग्रहित चित्रण.)

अमेरिकेचं उदाहरण इथे कामाला येतं, कारण तिथेही शेवटी टिकटॉकच हरलं. एप्रिल २०२४ मध्ये कायदा झाला : २७० दिवसांत विका, नाहीतर बंद. कायद्याचा मजकूर सगळ्यांसमोर होता. कंपनीबरोबर व्हिडिओ करणारे लोकही कोर्टात गेले आणि त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. १७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला. निकाल पटो वा न पटो, तो वाचता येतो. त्याआधी माँटाना राज्याची बंदी तिथल्या केंद्रीय न्यायाधीशाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रोखली होती, तीही कारणं देऊन. अर्थात त्यानंतर तिथल्या अध्यक्षांनी मुदतीमागून मुदती देऊन त्या कायद्याचं जे केलं, त्याचं अनुकरण कुणी करू नये.

बंद झालेल्या टिकटॉकची जागा भारतात कुणी घेतली? ८ जुलै २०२० ला, म्हणजे नवव्या दिवशी, इन्स्टाग्राम रील्स भारतात आलं. सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स. मोज, जोश, चिंगारी ही देशी नावं काही काळ गाजली. ट्विटरला देशी पर्याय म्हणून आलेलं कू तर २०२४ मध्ये बंदच पडलं. मालकी विदेशी ती विदेशीच राहिली, फक्त देश बदलला.

(दृश्य : मोरजी किनारा. पुढे कळंगुट, हॉटेलचं स्वयंपाकघर.)

परदेशातल्या ॲपबंदीची झळ गोव्यात घरबसल्या दिसते. मोरजी-हरमलला राहणारे रशियन मार्च २०२२ पासून मायदेशी इन्स्टाग्राम आणि फेसबुक पोचत नाही म्हणून टेलिग्रामवर गेले. कळंगुट-बागाच्या हॉटेलांतल्या नेपाळी कामगारांचं सगळं घर व्हॉट्सॲप आणि मेसेंजरवर. ४ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूने नोंदणी न केलेली २६ व्यासपीठं बंद केली, त्यात ही दोन्ही. टिकटॉक आणि व्हायबर यांनी नोंदणी केली होती, म्हणून ती चालू राहिली. आठ तारखेच्या आंदोलनात एका दिवसात १९ माणसं गेली. त्या रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. रोष भ्रष्टाचारावरही होता. बंदीने त्याला निमित्त दिलं.

आणि गोव्याला सीमेपलीकडून येणारा आवाज नवा नाही. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा इथे सभेला परवानगी लागे, आणि लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या हाताखालून जात. पुढे २५ नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला. पोर्तुगीज सरकारच्या दृष्टीने ते परदेशातून होणारं, राज्याच्या सुरक्षेला घातक प्रसारणच होतं. आजच्या सरकारची तुलना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्याशी करण्याचा हेतू नाही. इथे कोर्टं आहेत, निवडणुका आहेत. पण ‘सुरक्षा’ हे कारण कुणाच्याही तोंडी शोभतं, एवढं गोव्याने पाहिलेलं आहे.

(दृश्य : संगणक. व्हीएलसीचा नारिंगी शंकू.)

गोपनीय आदेश उघडायला लावता येतो का? येतो. व्हीएलसी प्लेअर बनवणारी व्हिडिओलॅन ही फ्रान्समधली ना-नफा संस्था. फेब्रुवारी २०२२ पासून तिची साइट भारतात उघडेना. नोटीस नाही, कारण नाही. माहिती अधिकारात विचारलं तर उत्तर आलं : माहिती उपलब्ध नाही. ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस गेली आणि नोव्हेंबरात बंदी उठली. त्याच वर्षी हुंड्यावर उपरोध करणाऱ्या एका साइटच्या चालकाला आदेशाची प्रत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणजे नियम १६ वाकतो, पण रेटावं लागतं.

रेटायचं तर तयारी आधीची हवी. इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमधून आणि गुगल टेकआउटमधून आपला सगळा मजकूर उतरवून ठेवा. दुवा ईमेलवर येतो आणि काही दिवसच चालतो. टिकटॉकवाल्यांचे मसुदे ॲपच्या आतच होते. अनेकांना ते परत मिळाले नाहीत.

साइट किंवा खातं बंद झालं की तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि गावच्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड, सगळ्यांवर तपासा. ऊनी प्रोब नावाचं मोफत ॲप हीच चाचणी करून नोंद ठेवतं. हा पुरावा नसेल तर ‘तांत्रिक बिघाड असेल’ या उत्तरापुढे काही बोलता येत नाही.

मग माहिती अधिकाराच्या केंद्रीय पोर्टलवर इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला अर्ज. शुल्क १० रुपये. ‘का बंद केलं’ असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा नाही. आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा. आदेश नियम ८ खाली (नेहमीच्या पद्धतीने) की ९ खाली (तातडीने), मजकूर करणाऱ्याला नोटीस गेली का, समितीची बैठक कधी झाली, हे मागा. ३० दिवसांत बहुधा नियम १६ आणि माहिती अधिकार कायद्यातलं देशाच्या सुरक्षेचं कलम ८(१)(अ) दाखवून नकार येतो. तो नकारही जपून ठेवायचा. पहिलं अपील ३० दिवसांत, त्याला शुल्क नाही. दुसरं केंद्रीय माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत.

(दृश्य : पर्वरी, उच्च न्यायालयाची इमारत.)

शेवटचा मार्ग घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका. आदेश दिल्लीत निघाला तरी परिणाम इथे झाला, म्हणून पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात ती दाखल करता येते. याचिकादार भारतीय नागरिक आणि त्या खात्याचा मालक असावा. कंपनीच्या नावाने गेलात तर कलम १९ चा मुद्दा पहिल्याच सुनावणीत गळतो. स्क्रीनशॉट, चाचणीच्या नोंदी आणि माहिती अधिकारातला नकार जोडायचा. सरकार बहुधा आदेश सीलबंद पाकिटात न्यायमूर्तींकडे देऊ पाहतं. म्हणून मागण्यांत पहिली मागणी आदेशाच्या प्रतीची लिहायची, बंदी उठवण्याची त्यानंतर. प्रत हाती नसताना दुसऱ्या मागणीवर वकिलालाही अंदाजानेच बोलावं लागतं.